अपात्र की नुसते अडकलेले? हप्ते, भत्ते आणि तुमचे प्रश्न

पीएम किसान, नमो शेतकरी आणि बेरोजगारांसाठीच्या योजनांवर प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात लिहिलं होतं आणि पत्रांचा ढीगच आला. बऱ्याच पत्रांत एकच वाक्य आहे, "आम्हाला अपात्र केलंय". पत्र पूर्ण वाचलं की कळतं यातले कितीतरी जण अपात्र नाहीतच, ते अडकलेत. अपात्र म्हणजे नियमातच बसत नाही आणि अडकलेला म्हणजे नियमात बसतो पण आधार, बँक, सातबारा यापैकी कुठेतरी घोडं पेंड खातंय. दोघांना कामं वेगवेगळी करावी लागतात म्हणून आधी तुम्ही कशात मोडता ते बघायचं. नावं कुणाचीच छापलेली नाहीत, फक्त तालुके ठेवलेत.

प्रश्न : नमस्कार सर, माझे मागचे काही हप्ते आलेले नाहीत. आधी येत होते. ऑनलाईनवाला म्हणतो केवायसी झालीय, बँकवाले म्हणतात आधार लिंक आहे, तलाठी म्हणतात माझं काम नाही. बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याला येतात मग मलाच का नाही? (ता. बार्शी)

दादा तुम्ही अडकलेल्यांत आहात, आणि तिघेही तुम्हाला खरंच सांगतायत, फक्त अर्धं अर्धं.

पैसे यायला तीन गोष्टी लागतात. एक ई-केवायसी, ती ओटीपीने होते, सेंटरवर अंगठा देऊन होते किंवा मोबाईल अॅपमध्ये चेहरा दाखवून पण होते. दुसरी लँड सीडिंग, म्हणजे तुमच्या जमिनीची माहिती तुमच्या नोंदणीला जोडलेली पाहिजे. आणि तिसरी आधार बँक सीडिंग, सगळा गोंधळ इथेच होतो. बँकेत आधारची झेरॉक्स दिली, खात्याला नंबर लागला, बँकवाला म्हणाला झालं लिंक, पण सरकारी पैसे त्या लिंकवर चालत नाहीत. ते चालतात एनपीसीआयच्या (बँकाबँकांतले व्यवहार जोडणारी राष्ट्रीय संस्था) मॅपिंगवर, म्हणजे एका आधार नंबरला सरकारी पैशासाठी एकच बँक लावलेली असते आणि जी बँक शेवटी लावली तिच्यात पैसे जातात. मधल्या काळात तुम्ही पोस्टाचं पेमेंट बँकेचं खातं काढलंय का? किंवा कुठल्या दुकानात अंगठा देऊन झिरो बॅलन्स खातं? तसं असेल तर आधी ते पासबुक भरून आणा, कधीकधी हप्ते तिथे गुपचूप जमा होत असतात आणि माणूस जिल्हा बँकेच्या फेऱ्या मारत बसतो.

पीएम किसानच्या पोर्टलवर बेनिफिशियरी स्टेटस उघडा, वरच्या तिन्ही गोष्टींसमोर हो की नाही असं स्पष्ट दिसतं. जिथे नाही दिसेल तेवढंच दुरुस्त करायचं. केवायसी आणि बँकेचं तुमच्या हातात आहे, लँड सीडिंगसाठी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात आधार, सातबारा आणि आठ-अ घेऊन जा. बँकेत गेलात की "आधार लिंक करा" म्हणू नका, "डीबीटीसाठी सीडिंग करा" म्हणा (डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात), फॉर्म वेगळा असतो. फार्मर आयडी, म्हणजे शेतकऱ्याचा ओळख क्रमांक, काढला नसेल तर तोही काढून टाका, १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी विभागाच्या योजनांना तो लागतोच.

आणि घाबरू नका, नियमात बसत असाल आणि फक्त कागदामुळे थांबलं असेल तर मागचे थकलेले हप्तेही नंतर मिळतात. नमोसाठी वेगळा अर्ज नाही, ती योजना पीएम किसानच्याच यादीवर चालते, म्हणून इथलं नीट झालं की तिथलं आपोआप सुटतं. १५५२६१ हा पीएम किसानचा हेल्पलाईन नंबर आहे, लागायला वेळ लागतो पण लागतो.

प्रश्न : वडील २०२२ मध्ये वारले. त्यांच्या खात्यावर हप्ते अजून येतात, आई एटीएमने काढते. घरात आई, आम्ही दोघे भाऊ आणि लग्न झालेली बहीण. जमीन अजून वडिलांच्याच नावावर आहे. आता भाऊ म्हणतो वारस लावला तर हप्ता बंद होईल, राहू दे तसंच. काय करावं? (ता. सिन्नर)

वारस लावा. राहू दे तसंच हा सगळ्यात महागात पडणारा सल्ला आहे.

वडील गेल्यानंतर आलेले हप्ते तुमचे नाहीत. आज ना उद्या ते काढलेले दिसणार आणि वसुली निघणार, २०२०-२१ मध्ये आयकर भरणाऱ्यांना तहसीलमधून नोटिसा आल्या होत्या ते तुमच्या तालुक्यातल्या लोकांनाही आठवत असेल. त्यापेक्षा आपण होऊन कळवलेलं बरं. पोर्टलवर ऑनलाईन रिफंडची सोय आहे, आणि नमोच्या पैशाचं काय करायचं ते तालुका कृषी कार्यालयात लेखी विचारा, तोंडी नको.

आता गंमत अशी की भाऊ ज्याला घाबरतोय त्यातच तुमचा फायदा आहे. पीएम किसानमध्ये जमीन १ फेब्रुवारी २०१९ च्या आधीपासून नावावर पाहिजे अशी अट आहे, पण त्यातून एक सूट आहे ती वारसाची. मालक मयत झाल्यामुळे जमीन आली असेल तर त्या तारखेची अडचण येत नाही. आणि योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठराच्या आतली मुलं, एवढंच. एका चुलीवर जेवणारे सगळे, असं नाही. म्हणजे सातबाऱ्यावर नाव आलं की आई स्वतंत्र, तुम्ही तुमच्या बायकोमुलांसह एक, भाऊ त्याच्या बायकोमुलांसह एक. बाकी अटीत बसत असाल तर एका हप्त्याच्या जागी तीन होतात. बहिणीचं नाव पण लागणार, तिच्या नवऱ्याला आधीच पीएम किसान मिळत असेल तर तिला वेगळं मिळणार नाही, मिळत नसेल तर तीही अर्ज करू शकते. (वर्षाच्या सहा हजारांसाठी बहिणीकडून हक्कसोड लिहून घेऊ नका, तुम्ही विचारलेलं नाही पण सांगून ठेवतो, अशी पत्रं फार येतात.)

वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, किंवा ई-हक्क प्रणालीतून ऑनलाईन. मृत्यू दाखला, वारसांची माहिती आणि स्वयंघोषणापत्र. फेरफार धरला की हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस असते, कुणाची हरकत नसेल तर मंडळ अधिकारी मंजूर करतात. मयताच्या नावाचे असले सातबारे ढिगाने पडलेत म्हणून तर सरकारने जिवंत सातबारा मोहीम काढली, बुलढाणा जिल्ह्यात चिखली तालुक्यातून सुरुवात झाली आणि एप्रिल २०२५ पासून राज्यभर लागू झाली. नोंद झाली की प्रत्येकाने आपापला फार्मर आयडी काढायचा, सामायिक खातेदाराला पण स्वतंत्र मिळतो, मग पीएम किसानची नवीन नोंदणी.

प्रश्न : मी २०२१ साली सव्वा एकर विकत घेतली, खरेदीखत आहे, सातबारा माझ्या नावावर, स्वतः कसतो. अर्ज रिजेक्ट. पाच वर्षांची अट होती ती संपली ना आता? (ता. मंगळवेढा)

तुम्ही मात्र अपात्र आहात, सरळच सांगतो. मूळ सूचनांत जमिनीच्या मालकीतले बदल पुढची पाच वर्षं धरणार नाही असं होतं, म्हणून लोकांना वाटलं २०२४ नंतर दार उघडेल. उघडलेलं नाही. उलट २०२५ मध्ये पोर्टलवर सूचना लागली की १ फेब्रुवारी २०१९ नंतर ज्यांनी जमीन मिळवली आणि एकाच घरात ज्यांना दोन दोन लाभ चाललेत त्यांचे हप्ते संशयित म्हणून थांबवून प्रत्यक्ष तपासणी होणार. बक्षीसपत्राने आलेली जमीन किंवा वडील हयात असताना त्या तारखेनंतर झालेली वाटणी, हे पण वारसात धरत नाहीत. खरेदीखत नोंदवलेला, राबणारा माणूस बाहेर आणि २०१९ च्या आधी नाव असलेला पुण्यात राहणारा आत, हे काही मला पटत नाही. पण नियम आजच्या घडीला असाच आहे, त्यामुळे परत परत अर्जाचे पैसे घालवू नका.

प्रश्न : माझे मिस्टर जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहेत. जमीन माझ्या माहेरकडून माझ्या नावावर आहे, त्यांचा त्या जमिनीशी काही संबंध नाही. तरी मी अपात्र कशी? (ता. गेवराई)

ताई, जमीन तुमची असली तरी पात्रता कुटुंबाची बघतात आणि कुटुंबात मिस्टर आले. सरकारी, निमसरकारी, महामंडळं, स्थानिक स्वराज्य संस्था यांतले नियमित कर्मचारी, कामावर असोत की रिटायर, घरात असतील तर ते घर बाहेर. यात फक्त चतुर्थ श्रेणी आणि मल्टी टास्किंग स्टाफ यांना सूट आहे, म्हणजे शाळेतल्या शिपायाच्या बायकोला मिळेल, शिक्षकाच्या नाही.

प्रश्न : वडील रिटायर शिक्षक, पेन्शन तीस हजारच्या वर. माझ्या नावावर आजोबांकडून २०१४ पासून दोन एकर आहे, मी शेतीच करतो. गावातले म्हणतात घरात पेन्शन आहे तर तुला मिळणारच नाही. आणि मी कर्जासाठी दोन वर्षं आयटी रिटर्न भरलंय, टॅक्स शून्य आहे. (ता. चोपडा)

गावातले चुकतायत. वर सांगितलं तसं कुटुंब म्हणजे नवरा-बायको आणि अज्ञान मुलं, तुम्ही सज्ञान आहात, वडील तुमच्या कुटुंबात येत नाहीत. दहा हजार किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणारा अपात्र हे खरं, पण ते तुमच्या वडिलांपुरतं आणि आईपुरतं. हेच उलट्या बाजूने पण लागू आहे, मुलगा हिंजवडीत कंपनीत आहे आणि टॅक्स भरतो म्हणून गावाकडच्या बापाचा हप्ता कुणी बंद केला असेल तर ते चूक आहे.

रिटर्नचं म्हणाल तर नियमात शब्द "आयकर भरलेले" असा आहे, मागच्या कर आकारणी वर्षात प्रत्यक्ष टॅक्स भरला का ते बघायचं. रिटर्न दाखल करणं म्हणजे टॅक्स भरणं नाही. पण पॅन जुळवताना यंत्रणा कधीतरी नाव उचलते, म्हणून दोन्ही वर्षांच्या रिटर्नची पोच आणि टॅक्स शून्य दाखवणारं पान काढून ठेवा. नाव वगळलं गेलं तर तेवढं जोडून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. टीडीएस कापला गेला असेल आणि तो परत मागितला नसेल तर मात्र वाद होऊ शकतो, तेवढं सीएला विचारून घ्या.

प्रश्न : सातबाऱ्यावर माझं आणि मिस्टरांचं दोघांचं नाव आहे. पीएम किसान माझ्या नावावर चालू आहे. लाडकी बहीणचे मला पाचशेच येतात, जावेला दीड हजार येतात. मी पीएम किसान सोडून दिलं तर मला पण दीड हजार येतील का? (ता. वाई)

येतील, बाकी अटी बसत असतील तर, म्हणजे वय २१ ते ६५, घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत वगैरे. पण थांबा, आधी हिशोब करू. आज तुम्हाला पीएम किसान सहा हजार, नमो सहा हजार, म्हणजे महिन्याला हजार पडले. लाडकी बहीणचा नियम असा की दुसऱ्या सरकारी योजनेतून दीड हजारापेक्षा कमी मिळत असेल तर फक्त फरक द्यायचा, म्हणून पाचशे. वर्षाचे झाले बारा हजार अधिक सहा हजार, अठरा. पीएम किसान सोडलं तर दीड हजार गुणिले बारा, अठराच. जावेपेक्षा तुम्हाला एक रुपया कमी मिळत नाही, तुकड्यांत येतो एवढंच.

आता तुमच्या डोक्यात दुसरी गोष्ट असणार, विचारली नाहीत तरी, की मी सोडते आणि मिस्टरांच्या नावाने पीएम किसान लावतो, मग बारा आणि अठरा मिळून तीस. कागदावर ते चुकीचं नाही कारण जमीन दोघांच्या नावावर आहे आणि घरात एकालाच द्यायचं एवढीच अट आहे. पण एकदा लाभ सरेंडर केला की तो परत मिळेलच याची खात्री नाही. आणि मिस्टरांची नवीन नोंदणी मंजूर होईपर्यंत तपासणीच्या फेऱ्यात किती महिने जातील याचा नेम नाही. मिस्टरांचं नाव १ फेब्रुवारी २०१९ च्या आधीपासून सातबाऱ्यावर आहे ना ते फेरफार काढून खात्री करा, ते नंतर लागलं असेल तर तुमचं गेलं आणि त्यांचं आलंच नाही असं होईल. मी तुमच्या जागी असतो तर आहे ते चालू ठेवलं असतं. एक मात्र सांगतो, दोघांनी एकाच वेळी पीएम किसान घ्यायचं नाही, सध्या तपासणीत सगळ्यात आधी तेच बघतायत.

प्रश्न : आम्ही वीस वर्षांच्या वर दुसऱ्याची जमीन बटईने करतो. मालक मुंबईला. हप्ता त्यांना येतो, घाम आमचा. अतिवृष्टीचे पैसे पण त्यांनाच. आम्ही शेतकरी नाही का? (ता. फलटण)

तुम्ही शेतकरी आहात, पण पीएम किसानच्या लेखी नाही. ही योजना डिसेंबर २०१८ पासून लागू धरली, आधी दोन हेक्टरपर्यंतच्यांना आणि मग जून २०१९ पासून जमीन असलेल्या सगळ्यांना. "जमीन असलेल्या" यातच तुमचा प्रश्न संपतो. कोण कसतो हे योजना विचारतच नाही, सातबाऱ्यावर मालक कोण एवढंच विचारते. दुसरीकडे वेगळं करून बघितलंय, ओडिशाने २०१८ च्या शेवटी कालिया नावाची योजना काढली त्यात बटईदार आणि भूमिहीन शेतमजूर कुटुंबंही घेतली होती. म्हणजे करायचं म्हटलं तर करता येतं. आपल्याकडे नमो काढताना केंद्राचीच यादी जशीच्या तशी उचलली त्यामुळे ती संधी गेली. पीक पाहणीत कसणाऱ्याची नोंद घ्यायला सुरुवात करा आणि त्यावर पैसे द्या एवढं साधं हे आहे, पण मालकांची मतं जास्त आणि बटईदाराची नोंदच नाही तर त्याची मागणी करणार कोण.

पीक विमा तुम्हाला घेता येतो, भाडेकरूला आणि बटईदाराला केंद्राच्या योजनेत जागा आहे, मात्र आपल्या राज्यात नोंदणीकृत भाडेकरार जोडावा लागतो. आणि मालक करार करून देत नाही, बरोबर? त्याचं कारण तुम्हालाही माहीत असेल, कूळ कायदा. १९४८ चा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, त्या दिवशी कसणाऱ्या कुळांना मालक मानलं गेलं, तेव्हापासून पश्चिम महाराष्ट्रातल्या जमीनमालकाच्या मनात कागद दिला की जमीन गेली ही भीती बसलीय ती तीन पिढ्या झाल्या तरी गेलेली नाही. एका हंगामापुरता, मुदत आणि हेतू स्पष्ट लिहिलेला करार वकिलाकडून करून मालकाला दाखवा, कदाचित तयार होतील. हप्त्याचं म्हणाल तर मालकाशी बोलून बटईच्या वाट्यात तो धरायला सांगणं एवढंच हातात आहे, काही ठिकाणी मालक बियाण्याचा खर्च त्यातून उचलतात.

प्रश्न : आमच्याकडे सातबारा नाही, वनपट्टा आहे. चालतो का? (ता. अक्कलकुवा)

चालतो. वनहक्क कायदा २००६ खाली पट्टा मिळालेले शेतकरी पीएम किसानमध्ये पात्र आहेत. पट्ट्याचं प्रमाणपत्र घेऊन कृषी कार्यालयात जा, सेंटरवाला सातबारा मागत बसेल, त्याचं ऐकू नका.

प्रश्न : बीए झालोय, वय २४. मोबाईलवर मेसेज आला की महाराष्ट्र सरकार बेरोजगारांना दर महिना पाच हजार भत्ता देतंय, नोंदणी फी भरायची आहे. भरू का? मित्राने भरली. (ता. औंढा नागनाथ)

भरू नका आणि मित्रालाही सांगा आधार, ओटीपी काही देऊ नकोस. घरी बसलेल्या पदवीधराला दर महिना पैसे देणारा सरसकट बेरोजगारी भत्ता महाराष्ट्रात नाही. यावर लिहिलेले लेख इंटरनेटवर इतके आहेत की वाचणाऱ्याला वाटतं असेलच, पण नाही. आणि कुठल्याही खऱ्या योजनेत लाभ मिळवायला आधी असल्या मेसेजवर फी भरावी लागत नाही.

बेरोजगार भत्ता आपल्याकडे कायद्यात आहे तो रोजगार हमीच्या. वि. स. पागेंनी मांडलेली ती योजना, १९७२ च्या दुष्काळात तिने लोक जगवले आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. त्यात लेखी काम मागितलं आणि १५ दिवसांत नाही मिळालं तर भत्ता देणं लागतं. पण ते खोदकामाचं, मातीकामाचं अंगमेहनतीचं काम आहे, आणि मागणीची पोच हातात नसेल तर भत्ता कुणी देत नाही. तुमच्यासाठी जी गोष्ट आहे ती मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, जुलै २०२४ ला आली. वय १८ ते ३५, महाराष्ट्राचा रहिवासी, बारावीला महिना ६ हजार, आयटीआय आणि पदविकेला ८ हजार, पदवीधराला १० हजार. महास्वयं पोर्टलवर नोंदणी. पण हा भत्ता नाही, विद्यावेतन आहे, एखाद्या आस्थापनेत जाऊन काम शिकायचं आणि हजेरीवर पैसे, ते थेट आधार जोडलेल्या खात्यात (म्हणजे बार्शीच्या दादांना सांगितलेलं सीडिंगचं तुम्हालाही लागू). आधी सहा महिने होतं, २०२५ मध्ये ते अकरा केलं.

लोक कुठे अडकतात? एक, शिक्षण चालू असेल तर बसत नाही, बाहेरून एमए लावलंय आणि इकडे अर्ज केलाय असे बरेच जण असतात. दोन, नोंदणी झाली म्हणजे जागा मिळाली असं नाही, जागा टाकणारी आस्थापना लागते, ग्रामीण तालुक्यात त्या जागा बहुतेक सरकारी कार्यालयांतल्याच असतात. तीन, संपल्यावर तिथेच कायम करतील ही आशा. नियमात तसं कुठेही नाही, यावरून प्रशिक्षणार्थींची आंदोलनंही झाली. प्रमाणपत्र मिळतं, अनुभव मिळतो, तेवढं धरून चला. तुमच्या नावावर सातबारा असेल तर अजून एक, हे प्रशिक्षण म्हणजे सरकारी नोकरी नाही, प्रशिक्षणार्थी कर्मचारी धरला जात नाही, म्हणून पीएम किसानला त्याने बाधा यायला नको.

प्रश्न : आम्ही निपाणीचे. मुलगा बीकॉम होऊन घरी आहे. कोल्हापूरची पाहुणेमंडळी म्हणतात तुमच्याकडे तर भत्ता मिळतो. खरं का?

खरं आहे. कर्नाटकात युवा निधी योजना जानेवारी २०२४ पासून सुरू आहे, पदवीधराला महिना ३ हजार, पदविकेला दीड हजार, जास्तीत जास्त दोन वर्षं किंवा नोकरी लागेपर्यंत, जे आधी होईल ते. अट अशी की २०२२-२३ किंवा त्यानंतर पास झालेला पाहिजे, पास होऊन १८० दिवस उलटले तरी काम नाही असं पाहिजे, कर्नाटकचा रहिवासी पाहिजे आणि पुढचं शिक्षण चालू नको. अर्ज सेवा सिंधू पोर्टलवर. अजून बेरोजगार आहे हे मुलाला स्वतः वेळोवेळी जाहीर करावं लागतं, ते चुकलं की पैसे थांबतात.

प्रश्न : चाकणला ठेकेदारामार्फत तीन वर्षं काम केलं, पगार सोळा हजार, ईएसआय कापत होते. ऑर्डर कमी झाली म्हणून दोन महिन्यांपूर्वी आम्हा सगळ्यांना बसवलं. आता गावी आलोय, वडिलांच्या नावावर जमीन आहे. मला काही मिळेल का? (ता. कळंब)

तुमच्यासारख्यांसाठीच एक योजना आहे आणि तिची माहिती ठेकेदार कधी देत नाही. ईएसआयसीची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाची, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, १ जुलै २०१८ पासून. नोकरी गेलेल्या विमाधारकाला सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस. आधी २५ टक्के होते, कोरोनाच्या वेळी वाढवले. तुमच्या पगाराने रोजचे ५३३ धरले तर अर्धे २६६, नव्वद दिवसांचे साधारण चोवीस हजार होतात.

अटी बघा. कमीत कमी दोन वर्षं ईएसआय असलेल्या नोकरीत पाहिजे, ते तुमचं आहे. नोकरी जाण्याआधीच्या वर्गणी कालावधीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली पाहिजे, इथे जपा, कारण पगारातून कापलं म्हणजे भरलं असं नसतं. ईएसआयसीच्या पोर्टलवर तुमच्या विमा नंबरने लॉगिन करून कुठल्या महिन्यात किती दिवस दाखवलेत ते स्वतः बघा, कापून भरलं नसेल तर ईएसआयसीच्या शाखेत लेखी तक्रार करा, पगाराच्या स्लिपा जोडा. गैरवर्तनामुळे काढलं असेल, वय झाल्यामुळे निवृत्त झाला असाल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल तर मिळत नाही, तुमचं तसं नाही. दावा नोकरी गेल्यापासून ३० दिवसांनी करता येतो म्हणजे तुमची वेळ झालेलीच आहे. आयुष्यात एकदाच मिळतं. योजनेची मुदत सरकार वेळोवेळी वाढवत आलंय तेव्हा अर्जाआधी शाखेत विचारून घ्या. आणि ठेकेदार "राजीनामा लिहून दे, मग हिशोब करतो" म्हणत असेल तर सही करू नका, तुम्हाला काढलंय, तुम्ही सोडलेलं नाही, आणि दाव्यात नेमकं हेच बघितलं जातं.

वडिलांच्या पीएम किसानला यातल्या कशानेच धक्का लागत नाही, तुम्ही सज्ञान आहात. तुम्हाला स्वतःला मात्र त्या जमिनीवर आत्ता काही मिळणार नाही, आणि हप्त्यासाठी म्हणून वडिलांकडून वाटणी करून घेण्यातही अर्थ नाही, मंगळवेढ्याच्या उत्तरात लिहिलंय तेच तुम्हालाही लागेल.